न पिणाऱ्याची मद्ययात्रा

प्रवासाला निघायचे म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला काहीतरी सबळ कारण लागते. शहाद्याला लागूनच असलेल्या आमच्या लोणखेड्याचा माणूस प्रकाशाला जातो तो तापी-गोमाईच्या संगमावर स्नान करायला. सारंगखेड्याला जातो तो दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहायला. घोडा घेण्याची ऐपत असो वा नसो, त्याचे दात मात्र तो मोठ्या जाणकाराच्या थाटात तपासून येतो. सुरतेला कापडासाठी, नंदुरबारला कोर्टाच्या तारखेसाठी आणि पंढरपूरला पांडुरंगासाठी, अशी आमच्या प्रवासाची वर्गवारी पिढ्यान्पिढ्या ठरलेली आहे. तेव्हा केवळ बीअर कशी तयार होते हे पाहण्यासाठी माणसे लाखांनी पैसे भरून सहा हजार किलोमीटरांपलीकडे जातात, हे जेव्हा माझ्या भाच्याने मला सांगितले, तेव्हा मी चष्मा काढून पुसला. ऐकायला चष्मा लागत नाही हे मला ठाऊक आहे. पण आश्चर्य वाटले की मी चष्मा पुसतो.

हा भाचा पुण्याला असतो आणि सहली काढण्याचा व्यवसाय करतो. काशी-रामेश्वर, काश्मीर, सिंगापूर असे सगळे करून झाल्यावर त्याच्या डोक्यात हे नवे खूळ शिरले होते. वीस-बावीस माणसांची तुकडी, बारा दिवस, जर्मनी, चेक देश आणि बेल्जियम. रोज एक, फार तर दोन मद्यशाळा. तिथला जाणकार सारे काही समजावून सांगणार, धान्य दाखवणार, तळघरे दाखवणार, आणि मग शेवटी चवीपुरता पेला. "शैक्षणिक सहल आहे मामा," तो म्हणाला, "आणि म्हणूनच तुमच्याकडे आलो. तुम्ही पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत. मला एक मराठी माहितीपुस्तिका हवी आहे. लोकांना आधी वाचायला देईन."

मी दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवलेलो नाही. यात माझा पराक्रम काही नाही. घरात पद्धत नव्हती, पुढे नोकरी शिक्षकाची लागली आणि त्यानंतर पत्नी लाभली ती माझ्याहूनही कडक शिस्तीची. अशा माणसाने मद्यशाळांवर पुस्तिका लिहायची म्हणजे ब्रह्मचाऱ्याने विवाहाचे आमंत्रण लिहिण्यापैकीच झाले. परंतु शिक्षकाला "तुम्हीच समजावून सांगा" असे कोणी म्हटले की त्याचा निश्चय विरघळतो. मी पुस्तके मागवली आणि बसलो.

बसलो तो पहिल्याच दिवशी एका गमतीशी गाठ पडली. ज्या गटसहलीच्या धंद्यावर माझा भाचा पोट भरतो, त्या धंद्याचा जन्मच मुळी दारूबंदीच्या पोटी झालेला आहे! थॉमस कुक हा इंग्लंडातला एक सुतारकाम करणारा, धर्मनिष्ठ, बत्तीस वर्षांचा गृहस्थ. गरिबाचा पगार गुत्त्यात जातो याची त्याला विलक्षण चीड. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक खास आगगाडी ठरवली आणि माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे माणसांना मद्यपाननिषेधाच्या सभेला नेले. अंतर अवघे अकरा-बारा मैलांचे. तिथून जगभर पसरलेल्या त्याच्या नावाची मूळ ब्रिटिश कंपनी २०१९ साली बुडाली, पण तिने घालून दिलेली वहिवाट काही बुडाली नाही: एकाने पुढे व्हायचे, तिकिटे काढायची, आणि बाकीच्यांनी मोजून घेतलेल्या मेंढरांसारखे निर्धास्तपणे मागून जायचे. मी ही हकीकत भाच्याला फोनवर सांगितली. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मामा, हे पुस्तिकेत शेवटी घाला."

मग सहलीची आखणी आमच्या ओट्यावर सुरू झाली. मला वाटले होते, पैसे घेतले, विमानात बसवले, की झाले. पण या पोराने मला एकेक अडचण सांगितली तेव्हा घरचे लग्नकार्य बरे असे वाटू लागले. डब्लिनची सुप्रसिद्ध मद्यशाळा त्याला हवी होती, ती सोडावी लागली. कारण आयर्लंड शेंगेन करारात नाही, म्हणजे व्हिसाची दुसरी दगदग. म्युनिकचा मोठा बीअर-उत्सव, जो १८१० साली तिथल्या राजपुत्राच्या लग्नातून सुरू झाला, तो त्याने मुद्दाम टाळला. "तिथं गर्दी मिळते, शिक्षण मिळत नाही," असे त्याचे म्हणणे. ऑगस्टची अखेर धरली, कारण तेव्हा हॉपची तोडणी चालू असते. युरोपात बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असतात. आपल्याकडच्यासारखे "चल दादा, अजून एक ठिकाण करू" म्हणता येत नाही. कारखान्यातली जमीन ओली असते, तेव्हा चपला चालत नाहीत, बंद बूट लागतात. बावीसपैकी नऊ जण शाकाहारी निघाले, आणि त्यातले दोघे कांदा-लसूणही न खाणारे. बीअर पिणारा पण कांदा न खाणारा मनुष्य ही महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरच पिकणारी जात असावी.

आता ही बीअर म्हणजे आहे तरी काय? मी पुस्तिकेचा पहिला भाग पत्नीला वाचून दाखवत होतो. जव भिजवायचे, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे, मग भट्टीत सुकवायचे. मोड येताना दाण्यात असे द्रव्य तयार होते की जे पिठाची साखर करते. इतके वाचले आणि ती म्हणाली, "मग आपण नागलीला मोड आणून बाळाला सत्त्व करतो, तेच की हे!" अगदी तेच. फरक एवढाच की आपण ते शिजवून बाळाला पाजतो, आणि ते लोक त्याचा गोड काढा करून त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात, थंड करतात आणि किण्वाच्या हवाली करतात. किण्व म्हणजे तेच सूक्ष्म जीव, जे पावाला फुगवतात. ते साखर खातात. मद्यार्क आणि बुडबुडे सोडतात.

बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले की बीअरमध्ये पाणी, जव आणि हॉप यांखेरीज काही घालू नये. त्यात किण्वाचे नाव नाही, कारण किण्व म्हणजे काय हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. जो सगळे काम करतो त्याचे नाव कागदावर नाही, हे सरकारी कागदांचे लक्षण इतके जुने आहे. हा कामकरी नीट ओळखीचा झाला तो पाश्चरच्या काळात. त्याने १८७६ साली बीअरवर एक ग्रंथच लिहिला. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढवले, आणि त्या मद्यशाळेच्या मालकाने ते गुपित न ठेवता इतरांनाही दिले. त्याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सेन याने आम्लता मोजण्याची पीएच मोजपट्टी काढली. ज्या पीएचच्या उदाहरणांनी मी पस्तीस वर्षे मुलांना छळले, ती एका मद्यशाळेच्या प्रयोगशाळेतून आली! मागच्या बाकावरच्या मंडळींना हे सांगता आले असते, तर त्या धड्याला त्यांनी निश्चित कान टवकारले असते.

पिल्सेनची गोष्ट तर मला फारच आवडली. तिथे १८३८ साली नागरिकांनी नासलेल्या बीअरची छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. नंतर सगळ्यांनी मिळून नवी मद्यशाळा बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिली सोनेरी बीअर घातली. तिथले पाणी मऊ, जव उत्तम, आणि शहराखाली वालुकाश्मात कोरलेली सुमारे नऊ किलोमीटर थंड तळघरे. आज जगात जी फिकट पिवळी बीअर सर्वत्र दिसते ती बहुतेक तिचीच लेकरे. चुकलेला माल रस्त्यावर ओतण्याची हिंमत गावाने दाखवली, म्हणून हे झाले.

हे सारे कागद, नकाशे आणि रंगीत चित्रे आमच्या ओट्यावर पसरलेली असत. आमच्या शेतात अनेक वर्षे कामाला आलेली, भिल्ल समाजातली एक म्हातारी अजूनही संध्याकाळी ओट्यावर येऊन टेकते. घरातली सारी तिला मावशीच म्हणतात. तिने तांब्याच्या प्रचंड हंड्यांचे एक चित्र हातात घेतले नि विचारले, हे काय? मी सांगितले. ती बराच वेळ चित्र पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, तठे लोके पैसा दीसन पेवाले जातस?"

म्हटले, "हो मावशी, पैसे देऊन जातात."

"आन मंग घर कसा येतस?"

आणि मग घरी कसे येतात! माझ्याकडे विमानाचे वेळापत्रक होते, पण ती ते विचारत नव्हती.

ती काय विचारत होती हे कळायला वाचकांना थोडे मागे न्यावे लागेल. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. शहादा तालुक्यात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी, सालदारांचे साल, मजुरीचे दर यांवरून वातावरण तापलेले होते. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज सुरतवंती आपल्या माणसांना उभे करीत होते, श्रमिक संघटना त्याच वर्षी निघाली. मजुरी वाढावी म्हणून मोर्चे निघाले तेव्हा स्त्रिया पुढे होत्या. पण मजुरी वाढून ती जाते कुठे, हा प्रश्न त्यांच्याच शिबिरांतून त्यांनीच काढला. ती जात होती गुत्त्यात, आणि गुत्त्यातून नवरा घरी येत होता तो हात उगारून. मग १९७२-७३ मध्ये बायांच्या झुंडी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाऊ लागल्या आणि दारूची मडकी फोडू लागल्या. आमची मावशी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. तीही गेली होती. तिने किती मडकी फोडली हे ती कधी सांगत नाही. एकदा एवढेच म्हणाली होती की, मडके फुटले की आधी वास येतो आणि मग रडू येते, कारण मोह आपणच वेचलेला असतो.

ही पहिलीच वेळ होती असेही नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोदा भागात मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरतीला जमणाऱ्या हजारो आदिवासींना दारू सोडायला सांगितले होते. एकमेकांना 'आप' म्हणा, अशी त्यांची शिकवण. त्याआधी १९२२ साली दक्षिण गुजरातेत देवीच्या नावाने असेच वारे उठले होते. या दऱ्याखोऱ्यांत दारूविरुद्धची जागृती बाहेरच्या उपदेशकाने आणून टाकलेली नाही, ती इथेच उगवली आहे. आणि तरीही मोहाचे झाड इथे पूज्य आहे. चैताच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुले बायका-पोरे टोपलीत वेचतात, वाळवतात, खातात, विकतात. धारेचा पहिला थेंब धरतीला नि पूर्वजांना दिल्यावाचून जुनी माणसे तोंडाला लावत नाहीत. सण, लग्न, मरण कशातच तिच्यावाचून चालत नसे. मग सरकार आले. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याची मुभा ठेकेदाराकडे गेली, १८९२ च्या मोह कायद्याने मुंबई इलाख्याच्या काही भागांत फुले बाळगण्यावरही बंधने आली. घरची वस्तू दुकानात गेली आणि उधारीवर परत आली. मावशी जे फोडत होती ते त्या उधारीचे मडके होते.

मी हे सगळे एका प्रकरणात लिहिले आणि पुस्तिकेला जोडले. भाच्याने वाचले आणि त्याचा चेहरा पडला.

"मामा, लोक मौजेसाठी पैसे भरतात. त्यांना विमानतळावर हे वाचायला देऊ?"

"शैक्षणिक सहल म्हणालास ना?" मी म्हटले.

"शिक्षण बीअरचं, मामा. बीअरमध्ये आणि गावठीत फरक आहे."

फरक आहे, हे मी नाकारत नाही. साध्या बीअरमध्ये मद्यार्क शंभरात पाचाच्या आसपास, गाळलेल्या दारूत त्याच्या कितीतरी पट. शिवाय एकीकडे स्वच्छता, तपासणी, लेबल. पण ब्रुसेल्सच्या ज्या जुन्या मद्यशाळेत तो या लोकांना नेणार होता, तिथे काय करतात? हिवाळ्याच्या महिन्यांत गरम काढा माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या पातेल्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले रानटी किण्व आपसूक त्यात उतरू देतात. कोळ्याची जाळी झाडत नाहीत, कारण कोळी माश्या खातात. सातपुड्यातल्या मोहाच्या मडक्यातही आंबवण्याचे काम असेच आपोआप होते. बेल्जियमची बीअर-संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, चेक देशातला झातेत्सचा हॉपचा परिसर २०२३ साली जागतिक वारसा झाला. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक ओळख मिळाली. महाराष्ट्राने मोहफुलांवरची बंधने उठवली ती २०२१ साली. आपल्याकडे आजही १९४९ चाच दारूबंदीचा कायदा चालू आहे आणि कायद्याप्रमाणे पिणाऱ्याच्या खिशात परवाना असावा लागतो. भाच्याच्या खिशात तो आहे, हे त्याने मला अभिमानाने दाखवले होते.

आमचा वाद आठ दिवस चालला. त्याचीही बाजू खोटी नव्हती. एखादी वस्तू नीट समजून, तिच्यामागचे कष्ट पाहून, मोजून घेणारा माणूस आणि अंधारात तोंड लपवून ढोसणारा माणूस यांत अंतर आहे; ज्ञानाने माणूस सावकाश पितो, असे त्याचे मत. मला ते थोडेफार पटते. शेवटी तडजोड झाली. माझे प्रकरण दीड पानावर आले, पण राहिले. आणि थॉमस कुक पहिल्या पानावर आला.

ऑगस्टच्या अखेरीस तुकडी गेली. पहिले चार दिवस भाच्याचा आनंदाने ऊर भरून येत होता. फ्रायझिंगच्या टेकडीवरची वाइहेनश्टेफानची मद्यशाळा, जी आपली परंपरा १०४० पासूनची सांगते, तिथे म्हणे बावीसही जण वह्या काढून लिहून घेत होते. त्यात जळगावकडच्या एक बाई होत्या. त्या मुळीच पीत नाहीत. त्यांची बेकरी आहे आणि किण्व पाहायला म्हणून त्या आल्या होत्या. सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनी विचारले.

पाचव्या रात्री मात्र त्याचा फोन आला. आवाज दमलेला. तुकडीतले एक गृहस्थ दिवसभराच्या चवीपुरत्या पेल्यांवर समाधान न मानता रात्री एकटेच बाहेर पडले होते. दोन वाजले तरी पत्ता नाही. भाचा परक्या शहरात रस्तोरस्ती हिंडला. शेवटी ते एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडले. त्यांना खांद्यावर घेऊन त्याने खोलीत आणले, उशाशी बसून राहिला. सकाळी त्यांना जाग येईपर्यंत बस निघू शकली नाही आणि सगळ्या तुकडीची हॉपच्या मळ्यातली भेट हुकली. कोणी त्यांच्याशी बोलेना. "मामा," तो म्हणाला, "त्यांना उचलून आणताना मला मावशीच आठवत होती. घर कसा येतस." त्यानंतर काही तो बोलला नाही, आणि मीही बोललो नाही. आता त्याच्या सहलीच्या नियमांत एक कलम आहे: संध्याकाळी तुकडीबाहेर जाणाऱ्याने सोबती नेला पाहिजे. पुढच्या सहलीसाठी त्याने माझे दीड पान अडीच करायला सांगितले आहे.

परत आल्यावर तो लोणखेड्याला आला. माझ्यासाठी त्याने बाटली आणली नाही, एवढी त्याला अक्कल आहे. त्याने आणली एक लहानशी कापडी पिशवी, जवाच्या मोड आणून भाजलेल्या दाण्यांची. मावशी ओट्यावर होतीच. त्याने तिच्या पदरात मूठभर दाणे घातले. तिने एक दाणा तोंडात टाकला. तिला आता मोजकेच दात आहेत. बराच वेळ ती तो घोळवत राहिली.

"गोड शे," ती म्हणाली. नंतर त्याला विचारले, ते रात्री हरवलेले बाबा घरी पोचले का. तो म्हणाला, पोचले, मी स्वतः पुण्याला त्यांच्या दारापर्यंत सोडले. ते ऐकून तिने उरलेले दाणे पदराच्या गाठीत बांधले, नातवासाठी.